टोयोटा जीटी८६ साठी स्कॅनगेज २: लहान पण कामाचा

जीटी८६ च्या सुरुवातीच्या मॉडेलांच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या तापमानाचा आकडा नाही. ट्रॅकवर नेमका तोच लागतो. स्कॅनगेज २ हे आकडे दाखवणारे छोटे यंत्र ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या तपासणीच्या जोडणीत) खोचले की कूलंट, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), व्होल्टेज, इनटेक हवेचे तापमान यांसारखे कोणतेही चार आकडे एकावेळी दिसतात. ऑइलचे तापमान मात्र आयते मिळत नाही. एक्सगेजमध्ये, म्हणजे यंत्रातल्या जादा आकड्यांच्या सोयीत, गाडीनुसार कोड भरावा लागतो. एक अक्षर चुकले तरी आकडा येत नाही किंवा भलताच येतो.

सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला, डॅशखाली. प्लग पूर्ण आत दाबा. सैल राहिला तर स्क्रीन अधूनमधून कोरी होते. वायर पेडल आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून दूर, पॅनेलच्या कडेने नेऊन टायने बांधा. एअरबॅगच्या झाकणावर यंत्र चिकटवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. मग सेटअपमध्ये इंजिन २.० लिटर, टाकी ५० लिटर भरा, नाहीतर इंधनाचा हिशेब चुकतो.

आकडे किंचित उशिरा बदलतात, कारण यंत्र ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) एकेक प्रश्न विचारत जाते. तापमानासाठी ते चालते, गिअर बदलण्याच्या क्षणासाठी गाडीचाच टॅकोमीटर बरा. लॅप टायमिंग हवे असेल तर हे घेऊ नका. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर प्लग काढा: सॉकेटला बॅटरीचा पुरवठा कायम असतो.