गंगापूर रोडची नर्सरी: सात झाडं नेली, चार जगली

आधीच सांगते, नर्सरीचं नाव लिहिणार नाहीये. नाशिकच्या गंगापूर रोडला नर्सऱ्या काही एकदोन नाहीत, आणि मला जे खटकलं ते थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी दिसतं, मग एकीलाच कशाला धुवायचं. तर हा रिव्ह्यू अर्धा नर्सरीचा आणि अर्धा "मॅडम, एकदम लो मेंटेनन्स" म्हणून जी झाडं आपल्या गळ्यात मारली जातात त्यांचा.

आमचं घर पाथर्डी फाट्याला, दुसरा मजला, टू बीएचके. हॉलला एकच खिडकी, पश्चिमेची, आणि समोर सात मजली बिल्डिंग उभी राहिल्यापासून ऊन येतं ते संध्याकाळी अर्धा तास, तेही उपकार केल्यासारखं. हे अंबडला कंपनीत, मी कॉलेज रोडला, दिवसभर घरी फक्त सासूबाई. झाडांची हौस मला, वेळ शून्य. मागच्या जूनमध्ये एका रविवारी मिसळ खाऊन निघालो आणि मीच म्हटलं चला ना गाडी तशीच पुढे घ्या, जाऊ नर्सरीत. पोट भरलेलं, पहिला पाऊस पडलेला, सगळीकडे हिरवंगार, अशा वेळी माणूस डोक्याने खरेदी करत नाही हो.

जागा मस्त आहे. आत शिरलं की हिरव्या शेडनेटखाली एकदम गार, मातीचा ओला वास, पायाखाली बारीक खडी. पार्किंगची मात्र बोंब, रविवारी तर रस्त्यावरच लावावी लागते. काउंटरवरचा मुलगा चटपटीत होता. मी म्हटलं, घरात ठेवायचीत, फार लक्ष देता येणार नाही. झालं, त्याने दहा मिनिटांत सात झाडं ट्रॉलीत भरली. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी, स्पायडर, पीस लिली, अरेका पाम आणि जेड. आणि त्यावर तीन चिनीमातीच्या पांढऱ्या कुंड्या. एकूण बिल दोन हजार तीनशेच्या वर गेलं. त्याने एकदाही विचारलं नाही की ताई तुमच्या घरात उजेड किती येतो. हाच एक प्रश्न विचारला असता तर माझी निदान दोन झाडं वाचली असती.

प्रत्येक झाडाला एक कार्ड लटकवलेलं, "नासा प्रमाणित ऑक्सिजन प्लांट". याच्यावर जरा बोलतेच, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण हेच फिरत असतं. झाडं घरातली हवा साफ करतात का यावर नासाने १९८९ मध्ये एक अभ्यास केला होता हे खरं आहे, पण तो बंद पेटीत, सील केलेल्या चेंबरमध्ये. आपलं घर काय सील केलेलं असतं का, दार उघडं, खिडकी उघडी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी असे सगळे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तर नुसत्या हवा खेळण्याने घरातली हवा जेवढी साफ होते तेवढी झाडांनी करायची तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. आमचा हॉल बारा बाय चौदा फूट, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस मीटर. कमीत कमी दीडशे कुंड्या! मग आम्ही बसायचं कुठे, गॅलरीत? आणि स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं म्हणून बेडरूममध्ये ठेवा, हेही त्याने सांगितलंच. रात्री ते पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतं हे बरोबर आहे, पण ऑक्सिजन बनतो तो उजेडातच. ठेवा बेडरूममध्ये, छान दिसतं, एवढंच.

आता एकेकाचं काय झालं ते.

पहिलं गेलं स्नेक प्लांट. म्हणजे जे मरतच नाही असं सगळे सांगतात तेच. आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, रोजचा नेम आहे, सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाणी, आणि तांब्यात उरलेलं पाणी बाकीच्या कुंड्यांना थोडं थोडं. त्यांच्या मनात काही नाही हो, तुळशीला दिलं आणि बाकीच्यांना उपाशी ठेवलं असं कसं चालेल. ऑगस्टमध्ये एक दिवस पुसायला म्हणून पान धरलं तर ते अख्खं माझ्या हातात आलं. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि सडलेल्या बटाट्यासारखा वास. कुंडी उलटी केली तर खाली बोटभर पाणी साचलेलं, कारण त्या सुंदर पांढऱ्या चिनीमातीच्या कुंडीला खाली भोकच नव्हतं!! तीनशे रुपयांची कुंडी आणि भोक नाही. काउंटरवरच्याने सांगायला नको? नंतर कळलं की अशा कुंडीत झाड लावायचंच नसतं, प्लॅस्टिकच्या कुंडीसकट नुसतं आत ठेवायचं, पाणी घालताना बाहेर काढायचं, निथळलं की परत आत. (स्नेक प्लांटला इंग्रजीत सासूची जीभ म्हणतात, हे मी घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि आता तर सांगणारच नाही.)

दुसरी गोष्ट त्याच दिवशी दिसली ती माती. लाल, चिकट, वाळली की वीट. बरीच झाडं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून ट्रकने येतात, लांबच्या प्रवासात मुळाभोवतीचा गोळा फुटू नये म्हणून चिकट माती सोयीची पडते, ते ठीक आहे. पण घरात तीच माती ठेवली तर पाणी आतच बसून राहतं. पीस लिलीच्या मुळांभोवती तर प्लॅस्टिकची जाळीची वाटी तशीच होती, मुळं त्यातून बाहेर यायला धडपडत होती. कात्रीने कापून काढली. तर घरी आणल्यावर एकदोन आठवडे झाड रुळू द्या आणि मग माती बदलाच. मी एक वाटा माती, एक वाटा भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटा जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे हलके दाणे) आणि दोन मुठी गांडूळखत असं करते. नर्सरीत कुंडी भरून देण्याचे पन्नास रुपये वेगळे घेतात आणि भरतात तीच लाल माती.

जेड गेलं सप्टेंबरात. रोज सकाळी फरशीवर पाचसहा पानं पडलेली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून घातलं. अजून पडली. आपल्याकडे जेड म्हणून जे बारीक गोल पानाचं विकतात ते बहुतेक वेळा खरं जेड नसतंच, ते पोर्चुलॅकॅरिया, आफ्रिकेतलं, हत्ती खातात ते. त्याला चांगलं कडक ऊन लागतं. गच्चीत ते खरंच लो मेंटेनन्स आहे. माझ्या हॉलमध्ये, पावसाळ्यात, तीन महिने सूर्य नाही, ते बिचारं काय करेल.

अरेकाने एप्रिलपर्यंत कळ काढली. आधी पानांची टोकं करपली, मग पानामागे बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके, म्हणजे लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या गरम हवेत हा हमखास येतो आणि आमच्या पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलमध्ये भट्टीच असते. पानं आठवड्याला मागूनपुढून धुतली असती तर कदाचित वाचलं असतं, पण चौदा फांद्यांची पानं दर आठवड्याला कोण धुणार, तेवढा वेळ असता तर मी लो मेंटेनन्स झाड मागितलंच नसतं.

आता जगलेली. झीझीसाठी मी पाचपैकी सहा द्यायला तयार आहे. पूर्व आफ्रिकेतलं झाड, मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात त्यात पाणी साठवून ठेवतं. मी ते आईंच्या तांब्यापासून लांब, शूरॅकच्या वर ठेवलं, निव्वळ योगायोगाने, आणि वीसपंचवीस दिवसांनी आठवेल तेव्हा पाणी. वर्षात तीन नवे कोंब आले, प्रत्येक कोंब आधी हिरव्या भाल्यासारखा येतो आणि मग आठवडाभरात उलगडतो, अगदी चमकदार, लोक हात लावून विचारतात प्लॅस्टिकचं आहे का. वाढायला मात्र सुस्त. एकदम भरगच्च हवं असेल तर मोठंच विकत घ्या.

मनी प्लांट जगला, तो कोणाकडे जगत नाही? विकत घ्यायची खरं तर गरजच नव्हती, शेजाऱ्यांकडून एक गाठ असलेली फांदी आणून बाटलीत ठेवली असती तरी झालं असतं. स्पायडर प्लांट जगला, पानांची टोकं तपकिरी होतात कारण आमच्याकडे अधूनमधून बोअरचं पाणी येतं आणि त्यातले क्षार त्याला सोसत नाहीत. आरोच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात क्षार उलट जास्त. मी पावसाचं पाणी बादलीत धरते, जमेल तेवढे दिवस. पीस लिली जगली. तहान लागली की ती पूर्ण माना टाकते, पहिल्यांदा बघून मी घाबरलेच होते, पाणी घातलं आणि तीन तासांत उभी. असं बोलणारं झाड घरात एक तरी असावं. फुलं मात्र आणली तेव्हाची गेली ती गेलीच, उजेड कमी पडतो.

ज्यांच्या घरात रांगतं बाळ किंवा मांजर आहे त्यांनी लक्ष द्या, मनी प्लांट, झीझी, पीस लिली, डिफेनबेकिया या सगळ्यांच्या पानात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे कण असतात, चावलं की तोंडाची आग होते, सूज येते. स्पायडर आणि अरेकाचा हा त्रास नाही. हेही त्या कार्डावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, नासा मात्र होतं.

दिवाळीनंतर मी परत गेले, भांडायच्या तयारीनेच. काउंटरचा मुलगा म्हणाला, मॅडम झाडाची गॅरंटी नसते. ठीक आहे, नसते. मी वैतागून मागे गेले तर तिथे एक वयस्कर माळी मामा गोण्यांवर बसून फांद्या लावत होते. त्यांना सांगितलं तसं त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "ताई, दुपारी बाराला दिवा न लावता पेपर वाचता येतो का त्या कोपऱ्यात?" मी म्हटलं, खिडकीपाशी येतो, टीव्हीच्या कोपऱ्यात नाही. "मग टीव्हीपाशी झीझीच ठेवा, दुसरं काही नेऊ नका." मी लाल काठाच्या अ‍ॅग्लोनेमाकडे बघत होते, सुंदर होतं, साडेतीनशेचं. मामा म्हणाले, "आत्ता नका नेऊ. थंडी येतीये. खिडकीत ठेवाल आणि पानं लोळतील. होळी झाली की या." नाशिकची जानेवारीतली रात्र म्हणजे पारा दहाच्या खाली जातो कधीकधी, आणि हे झाड गरम देशातलं. साडेतीनशेची विक्री त्यांनी स्वतःहून सोडली. पाण्याचं पण त्यांनीच शिकवलं, कुंडी उचलून बघा, हलकी लागली तर द्या, जड असेल तर राहू द्या. बोट घाला, दोन पेरं कोरडं हवं. वार ठरवून पाणी घालायचं नाही.

नवीन स्नेक प्लांट त्यांनीच निवडून दिलं, प्लॅस्टिकच्या साध्या कुंडीत, एकशे ऐंशीला. पान जमिनीपाशी दाबून बघितलं, कडक आहे का. मातीचा वास घेतला. पानं उलटी करून बघितली. ज्या झाडांवर तेलकट लीफ शाइन मारलेला होता ती बाजूला सारली, "यावर धूळ चिकटते नुसती". तिथेच एका कॅक्टसवरचं पिवळं फूल दाखवलं, ते चक्क गोंदाने चिकटवलेलं होतं! आपल्याच मालकाच्या दुकानात!

मधे एकदा मनी प्लांटच्या सांध्यात कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. माझा मामेभाऊ दिंडोरीचा, द्राक्षबागवाला, त्याने लांबूनच बघून सांगितलं, अगं हा मिलीबग, आमचे घडच्या घड खराब करतो हा. माझं झाड शेवटी नाशिककर ठरलं म्हणायचं. कापसाच्या बोळ्याने पुसून काढला, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारलं, आठवड्याने परत. गेला.

तर नर्सरीला पाचपैकी तीन. मामांना पाच. कुंड्यांना शून्य, त्यांना आता ह्यांनी कंपनीतून ड्रिल आणून भोकं पाडून दिलीत, एक पाडतानाच फुटली. जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा, काउंटरला न थांबता सरळ मागे गोण्यांपाशी जा आणि घरातल्या खिडकीचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या.

आईंना मी काही बोलले नाही. स्पायडर प्लांट तुळशीशेजारी नेऊन ठेवला, तांब्यातलं उरलेलं पाणी आता त्याला जातं, त्याला थोडं जास्त चालतं आणि खाली तीन भोकं आहेत. त्याला सध्या सहा पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, लोंबतायत. होळी होऊन गेली, अ‍ॅग्लोनेमा आणायला शनिवारी जाणार आहे, दोन पिल्लं मामांना नेऊन देईन म्हणते.