करंटची मर्यादा वाढवावी की व्होल्टेज उतरवावे?

ओव्हरक्लॉक केलेला (म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवलेला) गेमिंग लॅपटॉप तापमान आटोक्यात असूनही ऐन खेळात मंदावत असेल, तर प्रोसेसर करंटच्या मर्यादेला अडलेला असू शकतो. थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरची सेटिंग्ज बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘आयसीसी मॅक्स’ ही करंटची कमाल मर्यादा वाढवल्यास असा अडसर लगेच दूर होऊ शकतो. मात्र वाढीव करंटची उष्णता मदरबोर्डवरील व्होल्टेज नियामकाला सोसावी लागते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ती बाहेर टाकणे पंख्यांना फार जड जाते. व्होल्टेज दहा-दहा मिलिव्होल्टने उतरवत प्रत्येक टप्प्यावर स्थिरता तपासणे वेळखाऊ खरे, पण त्याच वेगाला करंट आणि उष्णता दोन्ही घटतात, म्हणून खान्देशात मी हाच मार्ग आधी सुचवेन. २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही व्होल्टेज बदलून हल्ला करू देणारी इंटेल प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यानंतर अनेक लॅपटॉपांत बायोसमधूनच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) व्होल्टेज उतरवण्याची सोय बंद झाली. तिथे ओव्हरक्लॉक थोडा कमी करणे अधिक सुरक्षित आहे.