अर्धी शेपटी, बाजूला कॉकपिट: बीव्ही १४१ चं १/७२ किट

दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात बेंगरूळ विमान निवडायला बसलात, तर ब्लोम उंड फॉसच्या बीव्ही १४१ पुढे बाकीची देखणीच वाटतील. इंजिन आणि शेपटी डावीकडे, माणसं उजवीकडे काचेच्या डब्यात. बी मॉडेलमध्ये तर मागच्या गनरच्या आड येते म्हणून आडव्या शेपटीची उजवी बाजू जवळपास छाटूनच टाकली. पण त्याचे डिझायनर रिचर्ड फोग्ट यांचा हिशोब पक्का होता. टेहळणीला नजर मोकळी हवी आणि इंजिनाच्या पंख्यामुळे येणारी ओढ बाजूच्या वजनाने तोलता येते. १९३८ साली ते उडालं, चांगलं उडालं, तरी जर्मन वायुदलाने फॉके-वुल्फ १८९ घेतलं. बीव्ही १४१ आज एकही शिल्लक नाही.

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला हॉबी शॉपमध्ये कधीमधी दिसतं ते त्याच्या प्लास्टिक मॉडेलचं, खऱ्याच्या १/७२ मापाचं, जुन्या साच्याचं किट. पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण २४ सेंमी. खरी डोकेदुखी जुळणीत आहे. नेहमीच्या विमानात दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीपर्यंत मोजलं की वाकडेपणा कळतो. इथे ती सोयच नाही. आलेखाच्या कागदावर दोन समांतर रेघा मारा, एकीवर शेपटीचा दांडा, दुसरीवर डबा ठेवा आणि ग्लू सुकेपर्यंत हलवू नका.

डबा आणि पंखाच्या सांध्यात फट राहतेच. लांबी, म्हणजे पुट्टी, पातळ थरांत भरा; एकदम जाड थर दिला तर त्यातल्या थिनरने प्लास्टिक मऊ पडतं. मग ४०० आणि ८०० चा वॉटर पेपर.

काचेला इन्स्टंट ग्लू अजिबात नको, वाफेने ती पांढुरकी होते. फेविकॉल सुकल्यावर पारदर्शक होतो, तोच वापरा. चौकटी रंगवताना मास्किंग करून आधी आतला राखाडी, त्यावर बाहेरचा हिरवा मारा, म्हणजे आतून पाहिल्यावरही रंग बरोबर दिसतो. काचेचे चौकोन इतके आहेत की अर्धा वेळ इथेच जातो, पण मॉडेलची सगळी शानही इथेच.

पहिलंच किट म्हणून घेऊ नका. दोन-तीन जमली असतील तर जरूर घ्या, फक्त पावसाळ्यात उघडू नका. पिवळे पडलेले डीकल (विमानावर चिकटवायच्या खुणांचे छापील तुकडे) खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस उन्हात ठेवावे लागतात आणि जुलैत तेवढं ऊन ठाण्याला मिळत नाही. लॅकरचा स्प्रेही दमट हवेत पांढरट उमटतो.