सीलंट, ट्यूब आणि कच्ची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरमधील एका टायरच्या दुकानात मी मोटारसायकलच्या दोन्ही चाकांत पंक्चर रोखणारे सीलंट भरून घेतले आणि त्यासाठी 900 रुपये मोजले. दुकानदाराने आधी प्रात्यक्षिक दाखवले होते. स्टँडवर लावलेल्या चाकात त्याने खिळा ठोकला, तो उपसला, चाक दोन-चार वेळा फिरवले आणि छिद्रावर साबणाचे पाणी टाकले. एकही बुडबुडा आला नाही. त्या प्रात्यक्षिकात कोणतीही हातचलाखी नव्हती, असे मला आजही वाटते. फक्त ते चाक अलॉयचे होते आणि टायर ट्यूबलेस होता. माझ्या गाडीची चाके तारांची, आत ट्यूब असलेली. हा फरक त्याला ठाऊक होता आणि मला ठाऊक नाही, हेही त्याने ओळखले होते.

सीलंटमध्ये ग्लायकॉलसारख्या द्रवात बारीक तंतू आणि रबराचे कण मिसळलेले असतात. हवा छिद्रातून बाहेर पडू लागली की तिच्या दाबाने हे कण छिद्रात जाऊन अडकतात व बूच बसते. ट्यूबलेस टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात साध्या खिळ्याचे छिद्र असेल, तर हा उपाय बहुधा चालतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही. ट्यूबचे मात्र वेगळे आहे. टायर आणि ट्यूब एकमेकांवर किंचित सरकत राहतात, त्यामुळे आत शिरलेला खिळा ट्यूबला नुसते भोक न पाडता अनेकदा चीर पाडतो, आणि ती चीर कोणतेही द्रव बुजवू शकत नाही.

हे सारे मला नंतर कळले. तीन महिन्यांनी ओंकारेश्वरला निघालो असता सिमरोलच्या पुढे मागचे चाक एकाएकी बसले आणि गाडी ढकलत मागे यावे लागले. पंक्चरवाल्या काकांनी टायर उघडला तेव्हा हिरवट पाणी बदाबदा जमिनीवर सांडले. ओल्या ट्यूबवर पॅच धरत नाही, म्हणून त्यांनी ती पुसून, वाळवून, घासून पाहिली. पण चीर बोटभर लांब होती. शेवटी नवी ट्यूब घालावी लागली. रिमच्या आतल्या बाजूला गंज धरलेला त्यांनी बोट फिरवून दाखवला. ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी झिरपत असावी, असे त्यांचे म्हणणे पडले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. “भिया, ट्यूब में गारंटी नहीं चलती,” एवढेच उत्तर मिळाले. भरताना हे का सांगितले नाही, असे विचारल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्याजवळ पक्के बिल नव्हते, हातात होती ती केवळ रक्कम लिहिलेली कच्ची चिठ्ठी. त्याने द्रव सीलबंद बाटलीतून नव्हे, तर एका मोठ्या कॅनमधून मापाने काढून भरले होते. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. सुट्या द्रवाबाबत मला यातले काहीच विचारता आले नाही, आणि खरे तर विचारायचे सुचलेही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पहिल्या काही प्रश्नांतच बिलाची गोष्ट निघाली आणि माझी बाजू तिथेच लंगडी पडली.

पुढच्या चाकातले द्रव मी काकांकडूनच काढून घेतले आणि काचेच्या बरणीत ठेवले. आठवड्याभरात वर स्वच्छ हिरवे पाणी आणि तळाशी बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा कागदाच्या लगद्यासारखा थर उरला. ती बरणी झाकण लावून मी गॅरेजच्या फळीवर ठेवली आहे. शेजारपाजारचे कोणी सीलंट भरायचे म्हणाले, की आधी गाडीला ट्यूब आहे का ते विचारतो आणि मग बरणी खाली उतरवतो.