सोन्याच्या नॅनोकणांवर आवरण कशाचे: कायटोसान की पीईजी?

विटा-खानापूरच्या गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या) व्यावसायिकांच्या या सांगली जिल्ह्यात अम्लराजात (तीव्र नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळणारे सोने कुणाला नवे नाही. त्याच क्रियेतून मिळणाऱ्या क्लोरोऑरिक आम्लापासून सीटी स्कॅनसाठी नॅनोकण करण्याचा प्रकल्प सांगलीतल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने घेतला, की पहिला निर्णय आवरणाचा असतो: कायटोसान की पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे कृत्रिम बहुवारिक). सोन्याचा अणुअंक 79, तर सीटीत अवयव उठून दिसावेत म्हणून नेहमी टोचल्या जाणाऱ्या आयोडीनचा 53. त्यामुळे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण सोने अधिक अडवते, पण रक्तात ते सुटे राहील की नाही हे आवरणच ठरवते.

कायटोसान स्वस्त आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे हे बहुवारिक पातळ ॲसेटिक आम्लात विरघळवून सुवर्णक्षाराबरोबर तापवले, की तेच क्षपण करते, म्हणजे क्षारातले सोने धातुरूपात आणते, आणि तेच कणांवर बसते. मात्र त्याचे सारे बळ धनप्रभारात आहे आणि सामू (पीएच) 6.5 च्या पुढे गेला की तो ओसरतो. रक्ताचा सामू तर 7.4. म्हणून बाटलीत लालभडक दिसणारे द्रावण रक्तासारख्या माध्यमात गढूळ होऊन तळाशी बसू शकते.

पीईजीचे काम दोन टप्प्यांचे आहे. रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांच्या 1951 च्या सायट्रेट पद्धतीने (सुवर्णक्षार सायट्रेटबरोबर तापवून) आधी कण करायचे, मग टोकाला थायॉल (गंधकयुक्त) गट असलेले, साधारण 5,000 डाल्टन रेणुभाराचे पीईजी त्यांवर चढवायचे. गंधक सोन्याला घट्ट धरतो आणि पाण्याने वेढलेल्या साखळ्या प्रथिनांनाही बरेचसे दूर ठेवतात. एक मिलिलिटर द्रावणात 10 टक्के मिठाच्या पाण्याचे 100 मायक्रोलिटर टाकून पाहावे: नुसते सायट्रेटचे कण एकमेकांना चिकटून क्षणात जांभळे-निळे होतात, पीईजीचे लालच राहतात.

माझ्या मते निर्णायक मुद्दा संहतीचा, म्हणजे द्रावणात सोने किती दाट आहे याचा आहे. सायट्रेट पद्धतीच्या नेहमीच्या द्रावणात दर मिलिलिटरला जेमतेम 0.05 मिलिग्रॅम सोने असते. सीटीत उठून दिसण्यासाठी ते कित्येक मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवल्यावर तळाशी बसलेला साका पीईजी असेल तर पुन्हा पाण्यात मिसळतो, नसेल तर गुठळीच राहते. तेव्हा शिरेतून देण्याच्या दृष्टीने काम करायचे असेल, तर पीईजीच घ्यावे. कायटोसान निर्मिती शिकण्यासाठी चांगले. अर्थात सहा नॅनोमीटरहून मोठे कण मूत्रपिंडातून सहसा बाहेर पडत नाहीत, ते यकृत-प्लीहेत साठतात, आणि हा दोष पीईजीने जात नाही.

थायॉल-पीईजी महाग पडते व उणे 20 अंशांवर ठेवावे लागते. दोन महाविद्यालयांनी मिळून एक लहान कुपी घ्यावी आणि ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर हवेतली ओल आत शिरते.