अपडेट अडकले आणि व्हायरसचा संशय आला: विंडोजमधल्या अंगभूत साधनांचा दहा महिन्यांचा अनुभव

सांगलीत माझे डीटीपीचे छोटेसे काम आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादे पुस्तक असा मजकूर माझ्याकडे येतो आणि तो बहुतेक वेळा लोकांच्या पेनड्राइव्हमधूनच येतो. गेल्या जुलैत मी एक रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. त्यावर विंडोज ११ प्रो होते आणि 'सगळे टाकून दिले आहे, काही करायची गरज नाही', असे विकणाऱ्याने सांगितले होते. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की, अपडेटच्या पानावर एकही अपडेट बसलेले नाही. तिथे केवळ लाल अक्षरांतली एक ओळ आणि पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण आहे. तेव्हापासून आजपर्यंत विंडोजमध्येच असलेली सुरक्षेची आणि दुरुस्तीची साधने मी सतत वापरत आले आहे. कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर घेतलेले नाही. हा त्या वापराचा अनुभव आहे.

अपडेट बसत नाही म्हटल्यावर ओळखीच्या दोघांनी लगेच 'फॉरमॅट मारून टाका' असा सल्ला दिला. मी तो त्या वेळी मानला नाही, याचे मला आजही समाधान वाटते, कारण नेमके काय बिघडले होते ते मग कधीच कळले नसते. पडद्यावर ०एक्स८००७०४२२ हा कोड होता. त्याचा अर्थ सरळ आहे: अपडेटचे काम करणारी सेवा 'डिसेबल्ड', म्हणजे बंद करून ठेवलेली आहे. विंडोजच्या सेवांची यादी दाखवणारे 'सर्व्हिसेस' उघडून मी ती सेवा सुरू केली, अपडेट शोधायला सांगितले आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला, तर सेवा पुन्हा बंद. बिघाडाने बंद पडलेली सेवा एकदा सुरू केली की निदान काही काळ सुरू राहते. प्रत्येक रीस्टार्टनंतर ती 'डिसेबल्ड' होत असेल, तर ते काम कोणीतरी करत असते. माझा संशय तिथे पक्का झाला. हा डाव जुना आहे. २००८ च्या नोव्हेंबरात पसरू लागलेला कॉनफिकर हा वर्म (आपोआप एका संगणकातून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्रॅम) संगणकात शिरताच विंडोजची अपडेटची सेवा बंद करत असे आणि अँटीव्हायरसच्या संकेतस्थळांची वाट अडवत असे. ज्या त्रुटीतून तो शिरत होता तिची दुरुस्ती २३ ऑक्टोबर २००८ लाच उपलब्ध झाली होती.

ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या 'टास्क शेड्युलर'मध्ये मला सेवा बंद करणारा सापडला. संगणक सुरू होताच चालणारे एक काम तिथे लावलेले होते आणि ते परवान्याशिवाय विंडोज 'ॲक्टिव्हेट' करणाऱ्या एका प्रोग्रॅमकडे बोट दाखवत होते. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवण्यासाठी विकणाऱ्याने तो टाकला असावा. त्या प्रोग्रॅमचा फोल्डर डिफेंडरने, म्हणजे विंडोजमधल्याच अँटीव्हायरसने, पकडला कसा नाही, हे पाहण्यासाठी मी 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडली. डिफेंडरने कोणत्या जागा तपासू नयेत त्याची ही यादी नव्या यंत्रात रिकामी असते; माझ्या यादीत तो फोल्डर होता आणि संकेतस्थळांच्या नावांपुढे त्यांचे पत्ते लिहिता येणारी 'होस्ट्स' नावाची एक फाइलही होती.

ते काम काढून टाकल्यावर सेवा सुरू राहिली, पण अपडेट तरीही येईना. आता कोड बदलून ०एक्स८००७२ईई७ झाला होता, म्हणजे सर्व्हरचा पत्ताच सापडत नव्हता. इंटरनेट तर व्यवस्थित चालू होते. मग मी ती 'होस्ट्स' फाइल नोटपॅडमध्ये उघडली. वर नेहमीच्या पाच-पंचवीस ओळी होत्या आणि त्याखाली काहीच नव्हते. मी ती बंद करणार होते, तेवढ्यात उजव्या कडेची सरकपट्टी इतकी बारीक का, असा प्रश्न पडला. खाली सरकत गेले, तर शेकडो रिकाम्या ओळी ओलांडल्यावर तळाशी अपडेटच्या सर्व्हरांची नावे एकाखाली एक लिहिलेली होती आणि प्रत्येक नावापुढे ०.०.०.० हा कुठेच न पोहोचणारा पत्ता होता. प्रूफ तपासताना पानाच्या तळापर्यंत नजर नेण्याची माझी सवय इथे कामी आली. त्या ओळी पुसल्या, 'एक्सक्लूजन्स' काढल्या आणि डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन लावले.

या ऑफलाइन स्कॅनबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. संगणक रीस्टार्ट होतो, नेहमीचे विंडोज उभे राहण्याआधीच तपासणी सुरू होते आणि त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या प्रोग्रॅमला आडोसा मिळत नाही. माझ्या यंत्रावर हे साधारण पंधरा मिनिटांत झाले. अहवालात त्या ॲक्टिव्हेटरची नोंद 'हॅकटूल', म्हणजे हॅकिंगचे साधन, या वर्गात आली. यावरून त्याने माझी माहिती चोरली असे सिद्ध होत नाही, चोरली नाही असेही सिद्ध होत नाही. म्हणून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड मी त्या लॅपटॉपवरून न बदलता फोनवरून बदलला.

त्यानंतर अपडेट बसले. इथे थांबता आले असते, पण ज्या यंत्रात परक्याने प्रशासकाचे अधिकार वापरून काय काय बदलले ते मला ठाऊक नव्हते, त्यावर पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या ठेवणे मला पटेना. सेटिंग्जमध्ये 'काही सेटिंग्ज तुमची संस्था नियंत्रित करते' अशी ओळ तेव्हाही दिसत होती. कार्यालयाच्या संगणकावर ती रास्त असते. माझ्यासारखीच्या खासगी लॅपटॉपवर ती दिसली, तर कोणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, बंधने घालणारी धोरणे लिहून ठेवली आहेत असे समजावे. म्हणून कामाच्या फाइली बाजूला काढून, दुसऱ्या स्वच्छ संगणकावर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तयार करून, मी विंडोज नव्याने बसवले. त्या वेळी कळलेली गोष्ट मला फार लागली. त्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच विंडोज होमचा (प्रोपेक्षा साध्या, घरगुती आवृत्तीचा) मूळ परवाना नोंदलेला होता. होम बसवताच ते परवान्याचा कोणताही क्रमांक न मागता आपोआप ॲक्टिव्हेट झाले. जो परवाना यंत्रात पहिल्यापासून होता, त्याच्याऐवजी प्रो देण्याच्या मोहापायी अपडेट आणि सुरक्षा दोन्ही बंद केली गेली होती.

पुढच्या महिन्यांत डिफेंडरची खरी परीक्षा पेनड्राइव्हनी घेतली. दिवाळी अंकांच्या धामधुमीत आलेल्या एका पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांच्या चिन्हांवर लहानसा वाकडा बाण होता, म्हणजे ते फोल्डर नसून शॉर्टकट होते. खरे फोल्डर लपवलेले होते. मी काही उघडण्याआधीच डिफेंडरने ते शॉर्टकट अडवले आणि लपवलेल्या फाइली पुन्हा दिसू लागण्यासाठीची 'ॲट्रिब' ही आज्ञा चालवल्यावर ग्राहकाच्या कविता जशाच्या तशा परत मिळाल्या. ज्यांच्याकडे दिवसभर परके पेनड्राइव्ह लागतात, त्यांनी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेले 'यूएसबी प्रतिरोध' हे मोफत साधनही पाहावे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे ते दिले जाते.

मे महिन्यात अपडेट पुन्हा अडकले आणि या वेळी व्हायरसचा काही संबंध नव्हता. अपडेट बसत असताना वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच थकलेली, आणि पुढच्या वेळी ०एक्स८००७३७१२ हा कोड आला. विंडोजचा स्वतःचा फाइलींचा साठा बिघडल्याचे तो सांगतो. तो साठा दुरुस्त करणाऱ्या 'डीआयएसएम' या विंडोजमधल्याच साधनाची 'रिस्टोअर हेल्थ' ही आज्ञा चालवली. आकडा ६२.३ टक्क्यांवर येऊन बराच वेळ हलला नाही. अशा वेळी खिडकी बंद करू नये, तो पुढे जातो. त्यानंतर विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारे 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवले आणि अपडेट बसले. मात्र 'डीआयएसएम' चांगल्या फाइली सहसा विंडोज अपडेटकडूनच मागवते. अपडेटची सेवाच बंद असेल किंवा 'होस्ट्स'मध्ये वाट अडवलेली असेल, तर ही आज्ञाही अपयशी ठरते आणि माणूस उगाच अधिक घाबरतो. पुष्कळ जण सुरुवातच या आज्ञेने करतात. माझ्या मते आधी सेवा, मग 'होस्ट्स', मग स्कॅन आणि त्यानंतरच ही दुरुस्ती, असा क्रम असावा. एकदा तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 'मीटर्ड' (डेटा जपून वापरा) ही खूण राहून गेल्यामुळेच डाउनलोड थांबले होते.

उणिवाही लिहायला हव्यात. संपूर्ण स्कॅनला माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर जवळजवळ चार तास लागतात, म्हणून ते मी रविवारी रात्रीच लावते. कोडांचा अर्थ पडद्यावर कुठेही सोप्या भाषेत दिलेला नसतो. डिफेंडरला 'एक्सक्लूजन्स'मध्ये घातलेले काहीच दिसत नाही, त्यामुळे 'धोका नाही' या हिरव्या खुणेवर ती यादी पाहिल्याशिवाय मी विसंबत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा, सुरक्षेची अपडेट येतात. मी त्या आठवड्याच्या शुक्रवारी, छपाईला काही जायचे नसताना, आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढते आणि मग ती बसवते.

माझा जुना डेस्कटॉप विंडोज १० वरच आहे. त्याची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. जुन्या फॉन्टांतल्या फाइली उघडायला तो लागतो, म्हणून टाकलेला नाही. त्याची इंटरनेटची वायर मी काढून ठेवली आहे आणि ग्राहकाचा पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपवर तपासल्याशिवाय त्याला लावत नाही.