रोल बाउन्स बघितला आणि ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं कंपाउंड आठवलं

लेक दोन वर्षं स्केटिंगच्या क्लासला जातेय, तिला दाखवायचा म्हणून रविवारी घरी रोल बाउन्स लावला आणि तिच्यापेक्षा मीच जास्त गुंतले. २००५ चा पिक्चर आहे, माल्कम डी. ली दिग्दर्शक, पण गोष्ट १९७८ च्या उन्हाळ्यातली, शिकागोच्या साउथ साइडची. झेवियर नावाचा मुलगा, सगळे त्याला एक्स म्हणतात, त्याची आई गेलीय, घरात वडील आणि धाकटी बहीण, आणि बाहेर चार-पाच दोस्तांची टोळी, जिचं सगळं जग म्हणजे जवळचं स्केटिंग रिंक. तेच बंद पडतं. मग ही पोरं नॉर्थ साइडच्या स्वीटवॉटर नावाच्या चकचकीत रिंकवर जायला लागतात, तिथे स्वीटनेस म्हणून एकाचं राज्य चालतं, कपडे काय, ऐट काय, त्याच्यासमोर आपली पोरं एकदम बुजतात. वागळे इस्टेटच्या गल्लीतली पोरं पहिल्यांदा घोडबंदर रोडच्या मोठ्या कॉम्प्लेक्सच्या क्लबात शिरली की कशी चालतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको.

मला हा पिक्चर आवडला तो यासाठीच, की तो स्पर्धेपेक्षा जागेबद्दल जास्त आहे. आमच्या नौपाड्याच्या बिल्डिंगमध्ये दोन विंगच्या मधे शहाबादी फरशीचा पट्टा होता, सात पोरांत तीन जोड लोखंडी स्केट्स, चपलेवर चालायचे नाहीत, कॅनव्हासच्या बुटावर चामड्याचे पट्टे आवळायचे आणि पाय लहान-मोठा असेल तसं पान्याने खालचा नट सैल करून लांबी जुळवायची. चाकांचा आवाज असा की पहिल्या मजल्यावरच्या जोशी आजी दुपारी दोन ते चार खाली उतरूच द्यायच्या नाहीत. आणि फरशीच्या प्रत्येक सांध्याला चाक अडायचं, म्हणून आम्ही सांधा आला की टाच किंचित उचलायला शिकलो, मग ती आमची स्टेपच झाली, मागून येणाऱ्याने पण त्याच तालात उचलायची. पुढे कधीतरी एका गुळगुळीत हॉलमध्ये स्केटिंग करायला मिळालं तेव्हा पण आमचे पाय आपोआप उचलले जायचे, तिथली पोरं बघत राहायची. एक्सची टोळी स्वीटवॉटरमध्ये उतरते तेव्हा मला तेच दिसत होतं, जुन्या जागेत कमावलेलं सगळं पायात घेऊन आलेली पोरं. आमचं कंपाउंड आता नाही, रिडेव्हलपमेंट झाली, तिथे पार्किंग आहे. सात जणांतले दोघंच अजून ठाण्यात आहोत.

आवाजासाठी तरी हा पिक्चर चांगल्या स्पीकरवर लावा. सत्तरच्या दशकात पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकची चाकं आली आणि स्केट्सचा खडखडाट गेला, ती चाकं लाकडी फ्लोअरला धरून पण ठेवतात आणि वळताना सोडतात पण, त्यामुळेच डिस्कोवर नाचत स्केटिंग करायचं वेड तेव्हा एवढं पसरलं. शिकागोवाल्यांची तर स्वतःची स्टाइल आहे, जेम्स ब्राउनच्या गाण्यांवरून तिला जेबी म्हणतात. पार्श्वसंगीत स्टॅनली क्लार्कचं आहे, पण खरी मजा रिंकवर वाजणाऱ्या गाण्यांची.

वडिलांचं काम शाय मॅकब्राइडने केलंय आणि माझ्या मते पूर्ण पिक्चरमध्ये सगळ्यात भारी तोच. नोकरी गेलीय हे मुलांपासून लपवणारा माणूस, बायको गेल्याचं दुःख पण नीट बोलता येत नाही, आणि मुलगा आपला स्केट्स घालून घराबाहेर. बाप-लेकाची भांडणं बघताना मी दोनदा पॉज केलं. बाव वाव एक्स झालाय, रॅपर असून त्या सीन्समध्ये मागे पडत नाही.

नाही आवडलं ते पण सांगते. ११२ मिनिटं जरा लांबतात, कचरा गाडीवाल्या दोघांची कॉमेडी मला कमी चालली असती, एकमेकांच्या आयांवरून, दिसण्यावरून जे टोमणे चालतात त्यातले काही लहान मुलांसमोर नकोसे वाटतात. आणि मुली! शेजारी राहायला आलेली टोरी एवढी गोड आणि हुशार मुलगी, जर्नी स्मोलेटने काम पण छान केलंय, तरी तिला स्केट्सवर पुरेसा वेळ दिलाच नाही. आमच्या कंपाउंडमध्ये सगळ्यात वेगात जाणारी मुलगीच होती, त्यामुळे हे मला जास्त लागलं.

दहा-बाराच्या पुढची मुलं असतील तर सोबत बसून बघा, इंग्लिश सबटायटल्स लावा, बोलणं फास्ट आहे. लेकीला इनलाइनची सवय, म्हणजे एका रांगेत चाकं आणि ब्रेक मागे टाचेला, तिचा पहिलाच प्रश्न, आई यांचा ब्रेक पुढे बोटांखाली कसा? आता तिला तसेच पुढे दोन, मागे दोन चाकांचे क्वाड हवेत. गोखले रोडला दोन दुकानांत विचारून आले, दोन्हीकडे इनलाइनच काढून दाखवले, उद्या स्टेशनजवळ बघते.